सोनाघाट, आणि पाटीवरची एक उभी रेघ

मी पाट्या रंगवतो. गावांच्या नावांच्या, किलोमीटरच्या, ‘पुढे शाळा आहे’च्या. नववीत शाळा सुटली तेव्हा पांढरकवड्यात शकीलभाईंच्या दुकानात लागलो, त्याला आता आठ वर्षं झाली. अक्षर बरं म्हणून त्यांनी ठेवून घेतलं आणि शुद्धलेखन चुकत नाही म्हणून टिकवलं. एकदाच चुकलो. केळापूरच्या रस्त्यावर एका किराणा दुकानाच्या फळीवर ‘आशीर्वाद’ लिहिताना रफार एक अक्षर आधी बसला. दुकानदाराला कधी कळलं नाही. पण ती फळी उतरेपर्यंत मी देवीच्या दर्शनालाही मागच्या वाटेने जात होतो.

तर गेल्या महिन्यात शकीलभाई डबा उघडता उघडता म्हणाले, “वो सोनाघाट का बोर्ड फिर बिगड गया रे,” आणि माझं जेवणातलं लक्ष उडालं.

मारेगावहून वर्धा नदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक फाटा लागतो. तिथे पिवळी पाटी आहे, काळ्या अक्षरांत ‘सोनाघाट ३’. ती मी तीनदा रंगवली. तिन्ही वेळा कोणीतरी ‘ना’च्या डाव्या अंगाला काळी उभी रेघ ओढली आणि न चा म झाला. सोमाघाट. टवाळ पोरं असं करत नाहीत. ती बदाम काढतात, स्वतःची नावं लिहितात, फार तर शिवी लिहितात. ही रेघ शिरोरेषेला धरून निघायची आणि बरोबर न च्या गाठीवर येऊन थांबायची. शिवाय ती डांबराची होती. डांबरावर पिवळा मारला की आठ दिवसांत खालून तपकिरी डाग वर येतो. म्हणजे खोडूनही ती खोडली जात नव्हती.

मला वेगळीच धास्ती होती. आमच्याकडे रस्त्यांच्या खात्याकडून गावांची यादी टाइप होऊन येते. यादीत ‘सोनाघाट’ आहे. पण टाइप करणारी माणसंच ना? यादीच चुकली असेल, तर एका अख्ख्या गावाचं नाव मी तीनदा अशुद्ध लिहिलं होतं. आणि ते गाव मी पाहिलंही नव्हतं. टेम्पोतून दिवसाला वीस पाट्या करायच्या, तिथे तीन किलोमीटर आत कोण जातो?

“या वेळी मी एकटा जातो,” मी म्हटलं. “बसने. दोन दिवस लागतील.”

“एक बोर्ड को दो दिन? ताजमहल बनाने जा रहा क्या?” शकीलभाई हसले. मग समोरच्या रिकाम्या स्टुलाकडे पाहत म्हणाले, “जा. वैसे भी काम कहां है.” यवतमाळला फ्लेक्सचं मशीन आल्यापासून दुकानांच्या पाट्या आमच्याकडे येतच नाहीत. पत्र्यावर ब्रशने लिहायचं काम फक्त रस्त्यांचं उरलं आहे.

पहिला दिवस

जायचं असेल तर थंडी सरता सरता जा. नदी उथळ असते, वाळू उघडी पडलेली असते आणि दुपार अजून अंगावर येत नाही. पांढरकवड्याहून सकाळची सातची वणीकडे जाणारी बस धरा. करंजीला गाडी दहा-पंधरा मिनिटं थांबते. स्टँडसमोर पोहे मिळतात, त्यावर चण्याची तर्री. “कमी तिखट” असं सांगितलं तरी तितकीच घालतात, तेव्हा सांगू नका. मारेगावला उतरून काळीपिवळी जीप. ती अकरा माणसं बसल्याशिवाय हलत नाही, माझ्या वेळी तेरा होती.

वाटेत दोन्ही बाजूंना कापसाची रानं मोकळी झालेली होती. उपटलेली पऱ्हाटी बांधावर रचून ठेवली होती, सरपणाला. कुठे कुठे शेवटचा कापूस बोंडांतच लोंबत होता. वेचायला लावलेल्या बायांची मजुरीही त्यातून निघणार नाही म्हणून तो तसाच सोडलेला. माझ्या शेजारी पांढरी टोपी घातलेले एक काका बसले होते. त्यांचं लक्ष माझ्या मांडीवरच्या वहीकडे होतं. ती माझी शुद्धलेखनाची वही, कुठेही गेलो तरी बरोबर असते.

“कोन्त्या पेपरचे?” काकांनी विचारलं.

“पेपरचा नाही, काका. पेंटर आहे.”

“मंग वही कायले?”

पुढून ड्रायव्हर म्हणाला, “सर्वेवाले असतीन. परवा एक म्याडम आलती. माह्या सासऱ्याले इचारे, तुमाले रात्री झोप लागते काय? बुढा म्हने, तुमी गेल्या का लागन.”

जीप हसली. काका मात्र हसले नाहीत. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून समजुतीने म्हणाले, “आमच्या गावात अजून कोनी नाई बाप्पा. तुमी पुढच्या गावी उतरा.”

यावर कोणीच हसलं नाही. आमच्या जिल्ह्यात या वर्षांत वही घेऊन येणारा माणूस एकच गोष्ट विचारायला येतो, कोणत्या शेतकऱ्याने जीव दिला ते, असं लोक धरूनच चालतात. मी वही पिशवीत ब्रशांच्या खाली घातली. तुम्ही गेलात तर तुम्हीही घाला. नदीबद्दल विचारा, डांगराबद्दल विचारा. डांगर म्हणजे खरबूज, नदीच्या वाळूत लावतात. त्यावर लोक भरभरून बोलतात.

फाट्यावर कडुनिंबाखाली चहाची टपरी आहे. चहा घेण्याआधी मी पाटी पाहिली. जुन्या रेघांचा तपकिरी डाग आणि त्यावर ताजी काळी रेघ. जाडी माझ्या अक्षराला साजेशी, हात स्थिर.

“हे कोण करतं?” मी टपरीवाल्याला विचारलं.

“पाखरं.”

“पाखरं डांबर घेऊन येतात?”

“आमच्या इकडची पाखरं हुशार हायेत, पेंटर. साखर कमी का जास्त?”

पुढचे तीन किलोमीटर पायी गेलो. रस्ता खडीचा आहे, चपला जाड घाला.

सोनाघाटमध्ये शिरल्यावर पहिलं काय डोळ्यांत भरतं, तर रस्ता. गाव शंभर-सव्वाशे घरांचं, पण मधला रस्ता आमच्या पांढरकवड्याच्या बाजाराहून रुंद. दोन्ही बाजूंची घरं एकमेकांपासून इतकी लांब की समोरच्याला हाक मारायची तर ओरडावं लागेल. मधल्या मोकळ्या जागेत तीन शेळ्या आणि वाळत घातलेल्या शेवया. मला वाटलं, चुकून दुसऱ्या कुठल्या तरी शहराचा रस्ता या गावाला दिला आहे.

विहाराच्या पायरीवर चष्मा लावून पेपर वाचत एक गृहस्थ बसले होते. मी जाऊन सांगितलं की मी फाट्यावरची पाटी रंगवणारा.

“अरे वा!” ते उठूनच उभे राहिले. “म्हणजे आमचं नाव लिहिणारा माणूस अखेर गावात आला.”

हे रामटेके गुरुजी. इथल्याच शाळेत शिकवून निवृत्त झाले. त्यांच्या वडिलांनी धम्मदीक्षा घेतली आणि त्यानंतर त्या घरातून शाळेत गेलेलं पहिलं पोर म्हणजे गुरुजी. गावाचा इतिहास त्यांनी दोनशे पानी वहीत लिहून ठेवला आहे. छापायला कोणी मागितला नाही, म्हणून अजून दुरुस्त्या चालू आहेत. मला त्यांच्याबद्दल लगेच आपलेपणा वाटला.

ते मला गाव दाखवायला घेऊन निघाले. गुरुजी पुस्तकी मराठी बोलतात आणि रंगात आले की वऱ्हाडीवर येतात.

“हा रस्ता रुंद काहून? सांग.”

“बाजार भरत असेल.”

“नाही. कापसाच्या गाड्या उभ्या राहत. तिकडून राळेगावपासून, इकडून मुकुटबनकडून गाड्या यायच्या. पलीकडे हिंगणघाटचा बाजार. मधी नदी. पूल कुठं होता? होड्या, आमचे डोंगे. दोन डोंगे एकाला एक बांधून त्यावर फळ्या टाकायच्या आणि त्यावर कापसाचे बोद्रे, ही मोठाली गाठोडी. बैल पोहत. एकेका गाडीचा नंबर दोन-दोन दिवसांनी लागे. मग तोवर काय करणार? खाणार, पिणार, भांडणार, लग्नं जमवणार. सात खानावळी होत्या म्हणतात इथं. लोहार, सुतार, नालबंद, अत्तरवाला. आता नालबंद सोड, सायकलचं पंक्चर काढायचं तं मारेगाव.”

मग ते थांबले आणि जरा हळू आवाजात, जणू वहीतलं सगळ्यात आवडतं पान उघडत असल्यासारखे म्हणाले, “पण हे सुरू कधी झालं ठाऊक आहे? अमेरिकेत लढाई पेटली तेव्हा. तिथला कापूस विलायतेला जाणं बंद झालं, मग गिरण्यांना आपल्या वऱ्हाडाची आठवण आली. भाव चढला आणि शेटजी लोक नदीकाठी आले. मी नेहमी विचार करतो, तिथंही एका नदीच्या काठी आपल्यासारखं एक गाव असेल. बोटीत कापूस चढवणारं. त्यांचा घाट ओस पडला म्हणून आपला भरला. त्यांच्या खानावळी बंद झाल्या म्हणून आपल्या सात झाल्या.”

“आणि मग?”

“मग लढाई संपली, भाव उतरला. तरी गाव तगलं. पुढं आगगाडी दुसरीकडून गेली. त्याच्यानंतर पूल झाला, तोही दुसरीकडं. एका पुरात खालची आळी वाहून गेली, लोक वर सरकले. आता तर काय. पोरं म्हणतात, अमेरिकेचं सरकार तिथल्या कापसाला पैसे देते म्हणून आपला भाव पडला. म्हणजे पाह्य, आपलं त्यांच्याशी अजून जमून आहेच.”

संध्याकाळी गुरुजींच्या घरी जेवलो. त्यांच्या पत्नी कुसुमताईंनी ज्वारीची भाकर, वांग्याचं भरीत आणि जवसाची चटणी वाढली. गावात राहायला लॉज वगैरे नाही. गुरुजींची ओसरी आहे. पैसे घेत नाहीत, जाताना मारेगावहून केळी किंवा गोडाची बिस्किटं न्यावीत. जेवताना मी मुद्द्यावर आलो.

“गुरुजी, खरं नाव काय? सोना की सोमा?”

“वहीत दोन्ही लिहिली आहेत. एक गोष्ट अशी की वाळूत सोन्याचे कण सापडत, म्हणून सोनाघाट. दुसरी ढिवरांची, इथल्या नावाड्यांची. त्यांच्यात सोमा नावाची बाई होती. नवरा पुरात गेला, तेव्हा डोंगा तिने हातात घेतला आणि म्हातारी होईस्तोवर चालवला. गाडीवाले म्हणत, चला सोमाच्या घाटावर.”

“तुम्ही शाळेत काय शिकवलं?”

“सोना,” गुरुजी म्हणाले. “शाळेच्या पाटीवर तेच होतं.” मग ताटाकडे पाहत म्हणाले, “ती रेघ मात्र मीच शिकवली.”

कुसुमताई हसायला लागल्या. गुरुजींनी सांगितलं ते असं. काही वर्षांपूर्वी ते मोठ्या माणसांसाठी संध्याकाळचा वर्ग घ्यायचे. त्यात बयनाबाई आली. ती सोमाची नात, सत्तरीच्या आसपासची, फाट्यावर मासोळ्या विकते. तीन दिवस ती गप्प बसली. चौथ्या दिवशी गुरुजींनी म शिकवला, तशी तिने विचारलं, माह्या आजीच्या नावात हा असते काय? असतो म्हटल्यावर तिने पाटीवर तो पंचवीस-तीस वेळा काढला. पाचव्या दिवशी ती आलीच नाही.

“मी घरी गेलो बोलवायला. तं म्हने, गुरुजी, मले जे पायजे होतं थे भेटलं.”

दुसरा दिवस

सकाळी गुरुजी मला नदीवर घेऊन गेले. वर्धा इथे रुंद आहे, पण या दिवसांत पाणी पलीकडच्या काठाला चिकटून वाहतं आणि अलीकडे वाळूच वाळू. त्या वाळूत ओळीने खड्डे करून बयनाबाई डांगराचं बी लावत होती. काठावर एक डोंगा पालथा घातलेला, त्याच्या सांध्यांना ताजं डांबर. बाजूला डांबराचा डबा आणि त्यात काथ्याची कुंची. मी त्या कुंचीकडे पाहत उभा राहिलो.

“बयनाबाई, हा पाटीवाला,” गुरुजी म्हणाले.

तिने मला खालून वर पाहिलं. “तूच काय थो? मले वाटे, मोठा बाप्या असन. तू तं पोट्टाच हायस.”

“आजी, ती रेघ तुम्ही ओढता?”

“आनखी कोन ओढन? तू दोनदा माह्या आजीचं नाव खोडलं. मी तीनदा लिवलं. मीच जास्त झाली ना?”

“मी खोडलं नाही. यादीत सोनाघाट आहे. मी यादीप्रमाणे लिहितो.”

“यादीनं डोंगा चालवला काय?”

ती हातातली माती झटकून उठली आणि डोंग्यावर टेकली. आवाज चढला नव्हता.

“पाय बापू. मले पोर नाई. भाऊ होता, त्याचे पोरं नागपूरले, त्याइले सोमा कोन अन् फोमा कोन. मी गेली का तिचं नाव घेनारं कोनी नाई. या गावानं तिचं नाव घेतलं तं घेतलं. नाई तं संपलं.”

मी तेव्हा जे बोललो ते विचार करून बोललो असं म्हणता येणार नाही. पण मनापासून बोललो. “आजी, कुठे जुनं लिहिलेलं दाखवा. एक अक्षर दाखवा. खरं नाव सोमाघाट निघालं, तर मी तसंच लिहीन. यादीत काहीही असो. आणि शकीलभाईंना सांगून यादी दुरुस्त करून घेईन.”

“हाय ना लिवलेलं,” ती लगेच म्हणाली. “गोदामाच्या भिताडावर. माही माय दाखवे. पन आता दिसत नाई.”

घाटाच्या पायऱ्यांच्या वर शेटजींचं जुनं कापसाचं गोदाम आहे. छप्पर गेलं आहे, नदीकडची भिंत तेवढी शाबूत. चुन्याची, मळकी. गुरुजी म्हणाले, आपण लहानपणापासून इथे नुसते डाग पाहतो आहोत. पण मला भिंत पाहून लगेच कळलं काय करायचं ते. तेलाच्या रंगात लिहिलेलं कितीही उडालं तरी चुन्यात त्याचा माग उरतो. भिंत ओली केली की चुना गडद होतो आणि माग वेगळा दिसायला लागतो. थोडाच वेळ, वाळेपर्यंत. आमच्या धंद्यात जुन्या पाटीवरून नवी करताना हे करावं लागतं.

“पाणी लागेल,” मी म्हटलं. “भरपूर.”

बयनाबाईने दोन गुंड आणले, पाण्याचे पितळी हंडे. ती खाली वाळूत खणलेल्या झिऱ्यातून भरून द्यायची, मी वर भिरकावायचो. गुरुजी धोतर सावरत मागे सरकून उभे. पहिल्या दोन गुंडांत काहीच नाही. तिसऱ्याला उजवीकडे ‘घाट’ उमटलं, हातभर उंचीची अक्षरं, सुरेख हात. गुरुजींच्या तोंडून “अरे!” निघालं. मी डावीकडे पाणी मारलं. स उमटला, त्याचा काना, मात्रा. पुढचं अक्षर हळूहळू गडद होत गेलं आणि मी त्याच्या डाव्या अंगाकडे बघत राहिलो. पुन्हा पाणी मारलं. जवळ जाऊन बोटाने चाचपलं. तिथे कधी रंग लागलाच नव्हता.

न होता. स्वच्छ, पूर्ण न.

मी वळायच्या आत बयनाबाई माझ्या शेजारून पुढे झाली. भिंतीच्या खालच्या अंगाला दुसरी ओळ उमटली होती, तिच्या खांद्याच्या उंचीला. तिने तिथल्या पहिल्या अक्षरावर तळवा ठेवला.

“हा पाय! हा पाय म! गुरुजी, हाच ना?”

गुरुजी माझ्याकडे बघत होते. खालची ओळ होती ‘माल उतार’. म्हणजे इथे माल उतरवतात. तिने ‘माल’मधला म ओळखला होता. तिला एकच अक्षर येतं आणि ते तिने चुकवलं नव्हतं.

“हो,” गुरुजी म्हणाले. “म आहे.”

“वाच रे बापू,” ती मला म्हणाली. “तुले तं सारं येते. मोठ्यानं वाच.”

मी काहीही वाचू शकलो असतो. गुरुजी बोलले नसते, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण मी तोंड उघडलं आणि जे होतं तेच बाहेर आलं. वर हात दाखवून वाचलं, “सोनाघाट.” खाली हात दाखवून वाचलं, “माल उतार.” आणि मग सांगितलं, “आजी, तो म ‘माल’मधला आहे. सोमाचा नाही.”

तिचा तळवा भिंतीवरच होता. गुरुजी चष्मा काढून पुसत बसले. खाली नदीवर कोणाच्या तरी म्हशी उतरल्या होत्या, त्यांना हाकारणाऱ्याचा आवाज येत होता. मला तिथून निघून जावंसं वाटत होतं.

“कोनी लिवलं असन हे?” ती म्हणाली.

“शेटजींच्या माणसाने,” गुरुजी म्हणाले.

“मंग बराबर हाय. शेटजीले कोनतंबी नाव सांगा, त्याले सोनंच आयकू येते.” ती हसली, मग हसणं थांबवून माझ्याकडे वळली. “अन् हे खालचं काय म्हनलं तू? माल?”

“माल उतार.”

“कोन उतरवे थो माल?”

मी भिंतीकडे वळून ती ओळ पुन्हा वाचली.

“सोमाच ना उतरवे? मंग हा म कोनाचा झाला? सांग. तू शिकलेला हायस.”

भिंत वाळायला लागली होती. वरची ओळ आधी गेली, उन्हात होती म्हणून. बयनाबाईने गुंडातलं उरलेलं पाणी हाताने घेतलं आणि फक्त त्या एका अक्षरावर शिंपडलं. ते बाकीच्यांपेक्षा थोडा वेळ जास्त राहिलं.

परत वाळूवर आल्यावर तिने भाकरीवर तळलेले झिंगे दिले. नदीतले, नखाएवढे, कुरकुरीत, तिखट-मीठ लावलेले. तुम्ही गेलात आणि तिने विचारलं तर नाही म्हणू नका, असे कुठेच खाल्ले नाहीत.

“आजी, मी म्हटलं होतं, लिहिलेलं दाखवा, तसं लिहीन.”

“हो. अन् लिवलेलं निंघालं सोना. मंग तू सोना लिव.” ती बी पेरायला वाकली. “तू तुही ड्यूटी कर. मी माही करतो.”

दुपारी बाराच्या सुमारास फाट्यावर पोचलो. पाटी खरवडली, डांबराच्या डागावर लाखेच्या पॉलिशचा हात मारला, म्हणजे तो आता वर येणार नाही. मग पिवळा, दोन हात. वाळेपर्यंत टपरीवर बसलो.

मग ‘सोनाघाट ३’ लिहायला घेतलं. अक्षरांत किती अंतर ठेवायचं हे मी मोजत नाही, हाताला ठाऊक असतं. या वेळी मात्र मोजलं. ‘सो’ लिहिल्यावर दोन बोटं जागा मोकळी सोडली आणि मग ‘ना’ काढला. शिरोरेषा मात्र सलग ठेवली. न ची गाठ नेहमी वळवून गोल करतो, ती या वेळी थोडी चपटी ठेवली. वरून एखादी रेघ आली तर तिला टेकायला बरं, अशी.

“पेंटर,” टपरीवाला खालून म्हणाला, “मधी लई फाकलं.”

“हो,” मी म्हटलं. “उन्हात हात हलतो.”

संध्याकाळच्या बसने करंजीमार्गे परत. दोन दिवसांचा सगळा खर्च बस, जीप, चहा आणि बिस्किटांचा. वाटेत जीपमध्ये कोणी विचारलं नाही मी कोणत्या पेपरचा ते, कारण वही काढलीच नाही.

हे सगळं मी आता पांढरकवड्याच्या सायबर कॅफेत बसून टाइप करतो आहे. घरी आल्यापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. मी नेहमी मानत आलो की शब्द कसा लिहायचा याचं उत्तर कुठेतरी असतं. कोशात, यादीत, नाही तर जुन्या भिंतीवर. तिथे जाऊन पाहायचं आणि उतरवायचं. सोनाघाटला मी पाहिलं, उत्तर मिळालं, अगदी स्वच्छ, हातभर उंचीच्या अक्षरांत. आणि तरी नदीवरून वर येताना माझी खात्री कमी झाली होती, वाढली नव्हती. भिंतीवर ज्याने लिहिलं त्याचाही हात सुरेख होता. त्यालाही कोणीतरी यादी दिली असेल.

काल मारेगावच्या पुढे नदीकडच्या त्याच रस्त्यावर काम होतं, टेम्पोने गेलो. शकीलभाई चालवत होते. तो फाटा आला तशी त्यांनी गाडी हळू केली आणि काच खाली घेऊन पाटीकडे पाहिलं. दोन बोटांच्या जागेत रेघ बरोबर बसली होती. माझ्याच जाडीची, शिरोरेषेपासून गाठीपर्यंत. कोणाला सांगितलं असतं तरी पटलं नसतं की ते दोन माणसांच्या हातचं अक्षर आहे.

आठ वर्षांत त्यांनी माझी एकही पाटी तपासली नव्हती.

“लिस्ट में सोना था ना?”

“हो.”

“और ये किसने लिखा?”

“मी लिहिलं,” मी म्हटलं. “चुकलं माझं.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा पाटीकडे. “चूक सुंदर केली लेका,” ते म्हणाले आणि टेम्पो पुढे घेतला.